गारपिटीचं कलम

कोबी झेलायचा असतो, पकडायचा नसतो. गड्डा अंगावर येतो तसे हात त्याच्याबरोबर थोडे मागे न्यायचे, म्हणजे त्याचा जोर आपोआप मरतो. ताठ हातांनी धरला तर वरची पानं फाटतात आणि फाटक्या पानांचा गड्डा मार्केटमध्ये व्यापारी बाजूला काढून ठेवतो. हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. आमच्या घरात ते भाकरी थापण्यासारखं होतं, एका वयापर्यंत येत नव्हतं आणि नंतर येत होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, वाफ्यात वाकून विळ्याने गड्डे कापत जायचे. आई ते गोळा करून बांधावर आणून टाकायची. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान असलेला दिनेश बांधावरून टेम्पोत फेकायचा आणि मी टेम्पोत उभी राहून झेलायचे, रचायचे. धप, धप, धप असा एकच आवाज सकाळभर चालायचा. टेम्पोवाला घाई करायला लागला की आप्पा खांद्यावरचा टॉवेल काढून डोक्यावर गरागरा फिरवायचे. त्याचा अर्थ, आता जोरात टाका. मग दिन्या असा काही सुटायचा की मला श्वास घ्यायला सवड मिळायची नाही.

आमचा मळा मखमलाबादच्या बाजूला, कालव्याला लागून. कोबी आणि फ्लॉवर मुख्य, दसरा-दिवाळीला विकायला शेवंती आणि झेंडू. घर मळ्यातच, पत्र्याचं, पुढे सारवलेला ओटा. पहाटे विहिरीवरची मोटर सुरू झाली की घरातली भांडी हलकी थरथरायची आणि तोच आमचा गजर. बांधावर बसून खायची ती बाजरीची भाकरी, ठेचा, आणि हंगामात कोबीचं जे जे होऊ शकतं ते सगळं: पीठ पेरून भाजी, वड्या, कोबी घातलेलं थालीपीठ. पाहुणे येणार असले की आई हुलग्याचे शेंगोळे करायची. कोबीचा वास केसांतून जायचा नाही. कॉलेजातल्या मैत्रिणी म्हणायच्या, "कल्पना आली, भाजी आली." मला त्याचं वाईट वाटायचं नाही. त्यांच्या घरी तो कोबी विकत जायचा.

दिन्याचा हात चांगला आहे हे आमच्या कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. तो वेळेवर फेकतो, एवढंच. ते पाहिलं खैरनार सरांनी. ते त्याच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते, मूळचे सटाण्याकडचे. बोलायचे शुद्ध, पण आश्चर्य वाटलं किंवा राग आला की त्यांची अहिराणी बाहेर पडायची. दिन्या शाळा बुडवतो म्हणून जाब विचारायला ते मळ्यात आले आणि बांधावर उभे राहून नुसते पाहत राहिले. मग म्हणाले, "हाई काय शे?" आप्पा म्हणाले, "कोबी हाये सर. न्या दोन." सरांचं लक्षच नव्हतं. ते कधी दिन्याकडे बघत होते, कधी माझ्याकडे.

आमच्या भागातल्या शाळांत मुलांना बेसबॉल आणि मुलींना सॉफ्टबॉल शिकवत. कारण साधं होतं: खेळणारे कमी, त्यामुळे जिल्ह्याचं प्रमाणपत्र लवकर मिळतं. ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी इतकंच सांगते की पिचर चेंडू फेकतो, समोरचा दांडक्याने तो मारू बघतो, आणि मारणाऱ्याच्या मागे जाड ग्लोव्ह घालून उकिडवा बसलेला असतो तो कॅचर. सरांनी दिन्याला पिचर केलं. त्याचा चेंडू धरायला कोणी धजेना, म्हणून संध्याकाळी मळ्यातल्या मोकळ्या पट्टीवर मी बसू लागले. त्याचा पूर्ण जोराचा चेंडू आला की ग्लोव्हमधूनही पहिल्या बोटाखाली चटका बसायचा. रात्री भाकरी मोडताना तो जाणवायचा. दिन्या विचारायचा, "ताई, आज कसा होता?" मी म्हणायचे, "भाकरी एका हाताने मोडतेय, बघ ना."

रविवारी सर चहाला यायचे आणि अमेरिकेच्या गोष्टी सांगायचे. तिथे हा खेळ म्हणजे धर्म. एकेका खेळाडूचा करार दहा-दहा वर्षांचा आणि रक्कम अशी की आमच्या पूर्ण तालुक्यातल्या जमिनी विकल्या तरी जुळणार नाही. आई म्हणायची, "एवढ्याचं करत काय असतील?" आप्पांना रकमेत रस नव्हता. त्यांनी एकच विचारलं, "दहा वर्षं? आन् मधीच हात गेला तर?"

"तरी पैसे मिळतात, आप्पा. मोठ्या करारात तसं लिहिलेलंच असतं. हात गेला, पाय गेला, बाकावर बसून राहिला, तरी ठरलेले सगळे पैसे."

आप्पा बराच वेळ हसले. "सर, गार पडल्यावर पैसे देणारा व्यापारी एक तर देव, नाय तर येडा. मी दोन्ही पाह्यले नाय."

हे हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं, हे सरांना माहीत नव्हतं. मी प्राथमिक शाळेत असताना आमच्याकडे द्राक्षबाग होती. बाग तयार झाली, व्यापाऱ्याने उभ्या बागेचा सौदा केला, हातावर इसार ठेवला. इसार म्हणजे सौदा पक्का केल्याची आगाऊ रक्कम. ती घेतली की बाग व्यापाऱ्याची, असं आप्पा मानायचे. दोन दिवसांनी दुपारी गारा पडल्या. दुसऱ्या सकाळी व्यापारी आला, गाडीतून उतरून बांधावर उभा राहिला, आत पाऊलही न टाकता परत गेला आणि पुन्हा दिसला नाही. आप्पांनी उन्हाळ्यात वेली काढल्या आणि कोबी लावला. आमच्या घरात कोबी आला तो असा.

आता टीव्हीवर किंवा मोबाईलवर कुठल्या तरी खेळाडूच्या कराराचा आकडा येतो आणि आमच्या मळ्यातल्या बायका जेवणाच्या सुट्टीत म्हणतात, "चेंडू फेकायचे एवढे पैसे? यांना काही काम नाही." मी वाद घालत नाही. आकडा मलाही कळत नाही. त्यातली शून्यं मोजायचा मी कधी प्रयत्न केलेला नाही. पण मी त्या बातमीत दुसरंच शोधते. हात गेला तर काय, ते लिहिलंय का. बातमीत बहुधा नसतं.

दिन्या बारावीत आणि मी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना सर सायकल टाकून धावतच ओट्यावर आले. अमेरिकेतली कोणी कंपनी गावोगाव फिरून फेकणारे हात शोधत होती. नाशिकला एकच दिवस येणार. चेंडूचा वेग मोजायचं यंत्र आणणार. पसंत पडला तर अमेरिकेला नेऊन शिकवणार, तिथल्या लहान संघात घालणार, आणि पुढे नशीब असेल तर तो मोठा करार. दिन्या उठून विहिरीकडे गेला आणि बराच वेळ आला नाही. त्याने आयुष्यात कशाची एवढी इच्छा केली नव्हती. चेहऱ्यावरूनच कळत होतं.

चाचणीच्या आदल्या संध्याकाळी जेवताना आप्पांनी त्याला समजावलं. ते समजावणं आमच्या घरात कोणालाच वावगं वाटलं नाही, कारण आम्ही तसेच वागत आलो होतो. व्यापारी उभं पीक बघायला आला की आप्पा त्याला आधी कालव्याच्या बाजूने न्यायचे. तिकडचा माल मध्यम. विहिरीजवळचा तुकडा सगळ्यात सरस, तो दुसऱ्या भेटीत दाखवायचा. व्यापाऱ्याला वाटलं पाहिजे की अजून काही शिल्लक आहे. मग तो परत येतो आणि परत आलेला व्यापारी भाव वाढवतो.

"तसंच करायचं," आप्पा म्हणाले. "पहिल्याच दिवशी विहिरीकडचा तुकडा दाखवायचा नाय. बेताचं टाक. त्याला समजू दे का पोरात दम हाये, पण पुरता नाय समजला पाहिजे."

आई भाकरी वाढता वाढता म्हणाली, "अहो, पण यंत्र आणणार म्हणतात ना? यंत्राला काय कळतं, अजून शिल्लक हाये का नाय?"

"यंत्र माणसाच्याच हातात ऱ्हातं." झालं. विषय संपला.

कॉलेजच्या मैदानावर सकाळपासून मुलं जमली होती. इगतपुरीकडची भालाफेक करणारी, सटाण्याचे क्रिकेटवाले, वणीचा एक काटक मुलगा जो आल्यापासून फक्त केळी खात होता. कंपनीचे दोघे होते. एक मुंबईचे साळवी, पांढरे बूट, हातात फाईल. दुसरा अमेरिकन, डॅन नावाचा, उंच, उन्हाने लाल झालेला, बोलायला फार नाही. त्याच्या हातातलं यंत्र केस वाळवायच्या मशीनसारखं दिसत होतं. समोर जाळी लावली होती. मुलांनी जाळीत फेकायचं. प्रत्येकाला मोजकेच चेंडू. आकडा कमी आला की डॅन हात मिळवायचा, एक टोपी द्यायचा आणि पुढच्या नावाकडे बघायचा. कोणालाही उद्या ये म्हटलं गेलं नाही.

दिन्या म्हणाला, मला जाळी नको, ताई बसू दे. साळवी वैतागले. "मुलगी कशाला? बॉल लागला तर जबाबदारी कोणाची?"

खैरनार सर म्हणाले, "त्याचा बॉल धरणारी ही एकच आहे साहेब. नाहीतर तुम्ही बसता का?"

साळवींनी आपल्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं आणि मला बसू दिलं.

पहिला चेंडू आला. मऊ, सभ्य. ग्लोव्हमध्ये येऊन बसला, जसा पाहुणा खुर्चीत बसतो. दुसराही तसाच. माझ्या बोटाखाली काहीच झालं नाही. डॅनने यंत्रावर नजर टाकली आणि चेहरा तसाच ठेवला. तिसऱ्यानंतर त्याने टोप्यांच्या खोक्याकडे हात नेला. एक चेंडू उरला होता. कॅचरला पिचरशी बोलायला मैदानात जायचा हक्क असतो. मी उठले आणि गेले.

"काय करतोयस, दिन्या?"

"आप्पांनी सांगितलंय."

"आप्पांना परत येणारा व्यापारी माहितीये. हा संध्याकाळच्या गाडीने जाणारे."

"आप्पा बघतायत, ताई." त्याचा आवाज रडवेला झाला होता. सतरा वर्षांचा, मिशी फुटलेला, माझ्यापेक्षा वीतभर उंच मुलगा, आणि वडिलांचा शब्द मोडायला लागू नये म्हणून सगळं सोडून द्यायला निघालेला. तेव्हा मला त्याचा राग आला. आता येत नाही. आमच्या घरात आप्पांचं म्हणणं मोडायचं कसं हे कोणालाच माहीत नव्हतं, कारण बहुतेक वेळा ते बरोबर असायचं.

आम्ही दोघांनी एकदमच मैदानाच्या कडेला पाहिलं. आप्पा कुंपणापाशी उभे होते. पाहुण्यांसाठी आणलेली फ्लॉवरची पिशवी पायाशी. ते सकाळपासून एकेक मुलगा टोपी घेऊन बाहेर पडताना बघत होते. त्यांचा व्यापारातला अनुभव चाळीस वर्षांचा होता आणि हा बाजार त्यातला नाही, हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डोक्यावर गरागरा फिरवला.

मी धावत जागेवर आले आणि बसले. चेंडू दिसला नाही, फक्त आवाज ऐकला आणि बोटाखाली चटका बसला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. डॅनने यंत्राकडे पाहिलं. ते तळहातावर आपटलं. पुन्हा पाहिलं. मग साळवींना दाखवलं आणि एक बोट वर करून म्हणाला, "वन मोर."

"बास!" कुंपणापासून आप्पांचा आवाज आला. "नमुना झाला! आता बाकीचं सौद्यावर!"

खैरनार सरांनी कपाळावर हात मारून घेतला. पण डॅनला अर्थ सांगितला तेव्हा तो त्या दिवसात पहिल्यांदा हसला.

संध्याकाळची गाडी सोडून ते दोघे दुसऱ्या दिवशी मळ्यात आले. आईने शेंगोळे केले होते, कोबीच्या वड्या, ठेचा. साळवी ताटाच्या कडेकडेने खात होते. डॅनने ठेचा एकदम तोंडात टाकला, पाणी प्यायला, घाम पुसला आणि पुन्हा घेतला. आईचं त्याच्याबद्दलचं मत तिथेच पक्कं झालं. जेवणानंतर साळवींनी करार काढला. घरातलं इंग्रजी म्हणजे मी. वाचता यायचं, बोलायची वेळ आली की शब्द घशात अडकायचे. मी एकेक ओळ वाचून आप्पांना सांगत गेले. तीन वर्षांची मुदत. दर महिना एवढे डॉलर. राहणं, खाणं, शिकणं त्यांच्याकडे. महिन्याची रक्कम ऐकून आईने पदर तोंडाला लावला. मग एक कलम आलं: खेळाडू कोणत्याही कारणाने फेकू शकला नाही, तर करार त्याच दिवशी संपला.

"म्हंजी गार पडली तर कोणाची?" आप्पांनी विचारलं.

साळवींना कळलं नाही. मी समजावलं. ते हसले. "आप्पासाहेब, मुलगा अमेरिकेला निघालाय. चांगलं बोला."

"चांगलंच बोलून ऱ्हायलो. बाग तुम्ही घेतली, तर गार तुमची. हात गेला तर मुदत संपंस्तोर महिना चालू ठेवायचा, औषधपाणी तुमचं. लिहा तसं."

"असं कलम नवख्या मुलाला कोणी देत नाही. रांगेत दुसरी मुलं आहेत."

"मंग त्यांच्याकडं जा. चहा घेऊन जा पण."

तेव्हा दिन्या उठला. आप्पांसमोर आवाज चढवताना मी त्याला पहिल्यांदा आणि शेवटचं पाहिलं. "आप्पा, जातील ते! खरंच जातील! सगळ्याचा सौदा करता येत नाय. माझा हात आहे तो. तुमचा कोबी नाय!"

आप्पा त्याच्याकडे बघत होते, रागाने नाही. म्हणाले, "कोबी आस्ता ना दिनू, तर इसार घेऊन कवाच मोकळा झालो आस्तो."

डॅनने मला विचारलं, काय चाललंय. मी त्याला सांगू लागले आणि कसे कोण जाणे, शब्द अडकले नाहीत. द्राक्षबाग, इसार, गारा, बांधावरून परत गेलेला व्यापारी, सगळं सांगितलं. व्याकरण कुठल्या कुठे गेलं असेल. त्याने विचारलं, ती बाग कुठे होती. आम्ही त्याला विहिरीकडे घेऊन गेलो. तिथे आता कोबी उभा होता. मग त्याने शर्टाची बाही वर केली आणि कोपर दाखवलं. आतल्या बाजूने लांब व्रण होता. तोही पिचर होता म्हणे. त्याच्या करारातही तेच कलम होतं, आणि दुसऱ्याच वर्षी कोपर गेलं. ज्या दिवशी गेलं त्या दिवशी संघाने त्याला घरी जायचं तिकीट दिलं. मोठ्या खेळाडूंना ते संरक्षण असतं, छोट्यांना नसतं, असं तो म्हणाला. आणि म्हणाला, माझ्या घरात हा प्रश्न कोणी विचारला नाही.

मी हे आप्पांना सांगितलं. ते त्याच्या कोपराकडे बघत म्हणाले, "मोठ्यांना पण कोणी आपणहून दिलं नसंल. कोणीतरी पैल्यांदा मागितलंच आसंल."

पुढचे काही दिवस घरात जड गेले. कंपनीकडून काहीच कळलं नाही. दिन्या जेवायला बसायचा आणि ताट संपवून उठायचा, एवढाच त्याचा आवाज. फेकायला उभा राहिला नाही. टेम्पो भरायला आम्ही शेजारचा माणूस लावला आणि बरीच पानं फाटली. आई मला म्हणाली, "तुझ्या बापाने पोराच्या तोंडचा घास काढला का काय गं?" आप्पा रोज खैरनार सरांकडे फोन आला का विचारायला जायचे, पण घरी सांगायचे की बी-बियाण्याच्या दुकानात गेलो होतो. पिशवी रिकामीच यायची.

शेवटी साळवी एकटे आले. नवा करार आणला. महिन्याची रक्कम बरीच खाली आली होती आणि कलम होतं. हात गेला तर उपचार त्यांचे, महिना मुदतीपर्यंत चालू. साळवी म्हणाले, "डॅन साहेबांनी यासाठी फार डोकं खाल्लं तिकडे." दिन्याने रक्कम वाचली, आप्पांकडे बघितलं नाही, सही केली. त्याला ती मोठी रक्कम हवी होती. कोणाला नको असते?

तो गेला. रविवारी फोन करायचा. तिकडे थंडी फार, सगळे मुलगे त्याच्याहून धिप्पाड, कोबी कच्चा खातात. पहिलं वर्ष बरं गेलं. एका सामन्यात त्याने ओळीने तीन जणांना बाद केलं आणि तो फोन इतका लांबला की आई म्हणाली, बिल कोण भरतंय? दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर खांदा गेला. खांदा जायला काही घडावं लागत नाही. एक दिवस चेंडू हातातून सुटतो आणि हात मागेच राहतो, असं त्याने मला सांगितलं. तिकडे ऑपरेशन झालं, व्यायाम झाला, आणि डॉक्टर म्हणाले की हात वापरता येईल, फेकता येणार नाही.

उन्हाळ्यात तो घरी आला. मी स्टेशनवर गेले होते. त्याने बॅग डाव्या हातात धरली होती. घरी आल्यावर आईने दृष्ट काढली, शेंगोळे केले. तो खायचा, झोपायचा, विहिरीच्या कठड्यावर बसायचा. बोलणं पुन्हा ताटाच्या आवाजापुरतं उरलं. पण महिना भरला की पैसे यायचे. बँकेत मीच जायचे. घरात शिरले की आप्पा विचारायचे, "आले?" मी म्हणायचे, "आले." ते मान हलवायचे आणि कामाला लागायचे. मुदत संपेपर्यंत एकही महिना चुकला नाही. एकदा शेजारचा एक शेतकरी ओट्यावर बसून बोलून गेला, "बरंय बुवा, फेकणं बंद आन् पगार चालू." दिन्या तिथेच बसला होता. त्याची मान खाली गेली. आप्पा त्या माणसाला म्हणाले, "बाग त्यांनी घेतली व्हती. गार पडली. त्यांची पडली. यात लाजायचं काय?" बोलत शेजाऱ्याशी होते, बघत दिन्याकडे.

त्या पैशांतून काय करायचं यावर आमच्याकडे चर्चा झाली नाही. आप्पांनी जाहीर केलं की गारेचा पैसा गारेवरच लावायचा. विहिरीजवळच्या तुकड्यावर जाळीचं शेड उभं राहिलं आणि त्यात कोबी-फ्लॉवरची रोपं. आज मी आणि दिनेश तीच रोपवाटिका चालवतो. जाळी दोनदा बदलली, लोखंड तेच आहे. आप्पा गेले तेव्हा समाचाराला आलेल्या लोकांनी त्यांचा हट्टीपणा आठवून आठवून सांगितला. ते खोटं नव्हतं.

पण मला सांगायचं आहे ते दिन्या परत आला त्याच वर्षीचं, शेड उभं राहायच्या आधीचं. हंगामाचा पहिला माल काढायचा होता. मी सवयीने टेम्पोकडे निघाले, तर दिन्या आधीच फाळक्यावर पाय देऊन वर चढलेला. पाय रोवून उभा राहिला, दोन्ही हात छातीपुढे. आई बांधावर गड्डे टाकत होती, ती थांबली. मी मागे वळून बांधावर गेले. आयुष्यभर झेललेला कोबी मी कधी फेकला नव्हता. पहिला गड्डा उचलला, आणि त्याच्या खांद्याला हिसका बसेल म्हणून हळूच टाकला. तो टेम्पोच्या अलीकडेच पडला आणि घरंगळत माझ्या पायाशी आला.

दिन्या वरून बघत होता. आल्यापासून पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू दिसलं.

"काय गं ताई? विहिरीकडचा तुकडा राखून ठेवलायस का?"

वाफ्यात आप्पा कमरेवर हात ठेवून सरळ झाले. त्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला आणि डोक्यावर गरागरा फिरवला. मी दुसरा गड्डा घेतला आणि होता नव्हता तो जोर लावून फेकला. दिन्याचे हात त्याच्याबरोबर थोडे मागे गेले. एकही पान फाटलं नाही.